बोलायची फळी

मी एक फळी बोलतेय. साधी, सागाची, चार हात लांब, एका कडेने थोडी झिजलेली. लाकूड कधी बोलतं का, असं विचाराल. पण माझ्यावर उभं राहून इतकी माणसं इतकं काही बोलली आहेत, की त्यातलं थोडंफार अंगात मुरणारच. खारं पाणी मुरतं, माशाचं तेल मुरतं, तसंच शब्दही मुरतात.

सध्या मी मार्थाच्या घरामागे मोरीजवळ दोन चिऱ्यांवर आडवी पडलेली आहे. मार्था माझ्यावर बसून मासे साफ करते. गावाचं नाव सांगत नाही. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत किनाऱ्याला जी कोळ्यांची गावं आहेत, त्यातलंच एक समजा. नाव सांगितलं की माणसं लगेच दोष कुणाचा ते शोधू लागतात, आणि मला ते नको आहे.

माझा जन्म जव्हारकडच्या रानातला. तिथून बैलगाडीने, मग ट्रकने पाचूबंदरला आले. तिथल्या सुताराने मला कापलं, रंधा मारला आणि ऑगस्टीन नाखव्याच्या नव्या होडीत आडवी बसवली. होडीचं नाव ‘देवमाता’. फादरांनी येऊन पवित्र पाणी शिंपडलं, बायकांनी गाणी म्हटली आणि मुशी माशाच्या तेलाचा हात माझ्यावरून असा काही फिरला, की तो वास आजही गेलेला नाही.

मी बसायची फळी. नाखवा माझ्यावरच बसायचा. होडीतल्या माणसांची एक खोड मी तेव्हाच हेरून ठेवली. समुद्रात ती अगदी मोजकं बोलतात आणि किनाऱ्याला लागली की सगळी एकदम बोलायला लागतात. मग कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. लिलावात एक वेळ ठीक आहे, पण गावाचा कारभारही याच रीतीने चालतो हे मला पुढे कळलं.

होड्यांना मोठाली मशिनं आली आणि ‘देवमाता’ म्हातारी झाली. एकोणीसशे त्र्याण्णवच्या सुमाराला ती वाळूवर ओढून फोडली. तिच्या बरगड्या लग्नाघरच्या चुलीत गेल्या. माझाही नंबर लागायचाच होता, तेवढ्यात सुहासिनीबाई आल्या.

या बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा मुंबईला बँकेत. नव्याने उठलेल्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीत त्यांनी फ्लॅट घेतला होता. एका नावाजलेल्या शाळेत त्या शिकवत होत्या आणि ती चांगली चाललेली नोकरी सोडून किनाऱ्यावर स्वतःची शाळा काढायला आल्या होत्या. लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं असणार. ऑगस्टीन नाखव्याने तर तोंडावरच विचारलं.

“हाताची घडी, तोंडावर बोट. रोज हेच सांगायचे मी मुलांना,” बाई म्हणाल्या. “आणि मोठी झाली की त्याच बोटाला पाच वर्षांतून एकदा शाई लावायची, आणि पुन्हा ते तोंडावर ठेवायचं. अशी माणसं घडवायचा पगार घेत होते. नाही राहवलं.”

नाखव्याला निम्मं कळलं, निम्मं नाही. पण त्याच्या नातीचं दुखणं तो जाणून होता. मटिल्डा तिचं नाव, मार्थाची मुलगी. गावाबाहेरच्या शाळेत ती घरच्यासारखी बोलली म्हणून वर्गाने हसून घेतलं होतं, आणि शिक्षकांनी तिला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं होतं. त्या दिवसापासून पोर मुकी झाली. घरी दोन शब्द बोलायची, बाहेर एकही नाही. शाळाही सुटली. नाखव्याने आपली जाळी ठेवायची खोप बाईंना शाळेसाठी दिली, आणि फळा पाहिजे म्हटल्यावर मला चुलीच्या वाटेवरून उचलून आणलं.

फळा म्हणून मी अगदीच कुचकामी निघाले. इतकी वर्षं तेल प्यायलेलं अंग. खडू टेकवला की घसरायचा. बाईंनी काळा रंग लावून पाहिला, तोही धरेना. पालथ्या घड्यावर पाणी! मुलं खो खो हसली. शेवटी बाईंनी मला जमिनीवर दोन विटांवर ठेवलं, आणि बुटक्या रॉबर्टला काहीतरी सांगायचं होतं म्हणून तो माझ्यावर चढला, सगळ्यांना दिसावा म्हणून. तिथून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

हा रॉबर्ट म्हणजे तोंडाचा पट्टा. आधीच्या शाळेत त्याला बडबडीपायी रोज वर्गाबाहेर उभं करायचे. बाईंच्या शाळेत तो माझ्यावर चढला की उतरायचं नाव घेत नसे. मुलं ओरडायची, ढकलायची. मग एकदा सगळ्यांनी मिळून नियम केला. जो फळीवर उभा असेल त्यानेच बोलायचं. तो आपणहून उतरेपर्यंत बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. आणि फळीवर कुणी उभं असेतो कसलाही निर्णय घ्यायचा नाही. बाईंनाही हाच नियम. त्यांनाही बोलायचं असलं तर चप्पल काढून माझ्यावर यावं लागे, आणि हात वर करायच्या वेळी त्यांचाही एकच हात.

या शाळेत सगळं असंच ठरायचं. गणित सकाळी करायचं की दुपारी, बोंबील भरपूर आले त्या दिवशी आयांना मदत करायला सुट्टी असावी की नसावी, भांडण झालं तर चूक कुणाची. पुस्तकं होती, पाढे होते, परीक्षेलाही मुलं बाहेरून बसायची. पण दर शुक्रवारची सभा हा त्यांचा खरा धडा होता, असं मला वाटतं. मी काही शिकलेली नाही, पण पायांवरून माणूस ओळखते. पहिल्यांदा चढलेले पाय थरथरायचे, महिन्याभराने टाच घट्ट रोवायचे.

मटिल्डाही दर शुक्रवारी चढायची. चढायची आणि नुसती उभी राहायची. मुलं गप्प बसून वाट बघायची, कारण नियम तसा होता. कुणी खोकायचं, बाहेर कावळे ओरडायचे. रॉबर्ट तर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरायचा. बाई खाली वाळूत बसून तिच्याकडे बघत राहायच्या, पण “बोल गं” म्हणून कधी म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने ती उतरायची. असे किती शुक्रवार गेले ते देव जाणे.

आणि एक दिवस तिने तोंड उघडलं.

“ही फली तेलकट हाय,” ती म्हणाली. “पाय सरकतात.”

हसलं कुणीच नाही. ती उतरल्यावर बाईंनी माझ्यावर चढून विचारलं, मग काय करायचं? त्या उतरल्या, हात वर झाले, ठराव झाला, आणि सगळ्या पोरांनी मला ओढत नेऊन ओल्या वाळूने घासघास घासलं. साल निघाली माझी! पण खरं सांगते, आयुष्यात इतका मान मला होडीतही मिळाला नव्हता. त्या रात्री मटिल्डाने घरी जाऊन आजाला सगळी हकिकत सांगितली म्हणे. नाखवा दुसऱ्या दिवशी बाईंकडे आला. एक मोठी सुरमई आणून ठेवली आणि निघून गेला. बाई शाकाहारी होत्या. त्यांनी ती घेतली.

मुलं मोठी होत गेली, तशी त्यांची सभा खोपीबाहेर पडली. किनाऱ्याकडच्या आळीला नळाचं पाणी येत नव्हतं. मुलांनी विचारलं, हे कोण ठरवतं? बाई म्हणाल्या, ग्रामसभा. ती कुणाची? तुमच्या आई-वडिलांची. मग मुलांनी घरोघर धोशा लावला. मार्था तेव्हा पहिल्यांदा ग्रामसभेला गेली. पदर आवळून मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मुलांनी मला डोक्यावरून वाजतगाजत नेलं आणि सरपंचांच्या टेबलासमोर ठेवलं.

सरपंच म्हणजे कॉन्रॅड. गावचाच माणूस, गोड बोलणारा, सगळ्यांच्या सुखदुःखाला धावणारा. त्यांनी नियम ऐकला आणि हसून म्हणाले, “छान हाय. आमाला पन शिकवा.” त्या दिवशी आळीतल्या बायका एकेक करून माझ्यावर चढल्या. कुणी दोन वाक्यं बोलली, कुणी नुसतं “पानी पायजे” एवढंच. त्यांना कुणी मध्ये तोडलं नाही. उन्हाळ्याआधी आळीत नळ आला. बायकांना वाटलं जग जिंकलं, आणि मलाही तसंच वाटलं. कुणाला खोटं वाटेल, पण त्या वर्षी मार्था मतदानाला गेली तेव्हा रांगेत उभं राहून शेजारणीला सांगत होती, की मत देऊन घरी बसायचं नसतं, नंतर विचारायला पन जायचं असतं. मटिल्डाने ते शाळेत येऊन सांगितलं, तेव्हा बाईंनी डोळे पुसले.

ऑगस्टीन नाखवा त्यानंतर फार जगला नाही. जे व्हावं असं त्याला वाटत होतं ते त्याने पाहिलं, आणि पुढचं पाहिलं नाही, हे एका परीने बरंच झालं.

आता वलांडीच्या जागेचं सांगते. गाव आणि समुद्र यांच्या मध्ये एक मोकळी जागा होती. तिथे बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून बायका बोंबील वाळत घालायच्या. त्या मांडवांना वलांडी म्हणतात. हिवाळ्यात सगळी जागा पांढरी दिसायची. सुकी मासळी म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मार्थाचा नवरा दारूत गेला होता. तिचं घर त्या दोऱ्यांवरच टांगलेलं होतं म्हणा ना.

दोन हजारनंतर आमच्या बाजूला इमारती सरकत सरकत आल्या. एका बिल्डरला गावाजवळ मोठी वसाहत करायची होती, आणि समुद्राकडे बाग पाहिजे होती. बाग वलांडीच्या जागेवर. ग्रामसभेने हरकत नाही असा ठराव केला की झालं. बदल्यात गावातल्या तरण्या पोरांना नोकऱ्या, समाजमंदिर, पक्की गटारं. कॉन्रॅड सरपंचांना ते मनापासून पटलं होतं असं मला वाटतं. माणूस लबाड नव्हता. त्याला गावाचं भलंच करायचं होतं, फक्त ते कशात आहे हे बायकांना विचारायची गरज त्याला वाटली नाही.

मटिल्डा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बाईंच्या शाळेत लहान मुलांना ती शिकवायची. विषय ग्रामसभेपुढे आणा, चोरून करू नका, असा आग्रह तिनेच धरला आणि दोन हजार चारच्या सव्वीस जानेवारीची सभा ठरली. शाळेची रीत अशी, की ज्याने विषय काढला त्याने सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी बोलायचं. म्हणून मटिल्डा शेवटी बोलणार होती.

त्या आधीचे काही दिवस ती दुपारी खोपीत यायची, दार लोटून घ्यायची आणि माझ्यावर उभी राहून भाषणाची तालीम करायची. कागद नाही, काही नाही. आपल्याच घरच्या बोलीत. वलांडीचा पहिला बांबू तिच्या पणजीने कसा रोवला, सुक्या बोंबलाचा वास ज्यांना नको आहे त्यांनी तो पावसाळ्यात कुणाच्या घरून उसना नेला होता, बागेत बाकावर बसायला मार्थाला फुरसत कधी मिळणार आहे. हसू येईल असंही होतं त्यात आणि काळजाला घरं पडतील असंही. मी होडीपासून पुष्कळ माणसं ऐकली आहेत. इतकं खरं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

सभेच्या दिवशी झेंडावंदन झालं आणि लोक मांडवात बसले. बायका खूप होत्या. मार्था मात्र सकाळपासून समुद्राकडे बघत होती.

“भरती आज तिसऱ्या प्रहराची हाय,” तिने बाईंना आणि मटिल्डाला सांगितलं. “बोटी येतील. लवकर हात वर करा नि मोकले व्हा.”

“आय, सगल्यांचं आयकून घेतल्याबिगर हात वर करायचे कसे?” मटिल्डा म्हणाली.

बाईंनीही तेच सांगितलं. आपण जर त्यांना बोलू दिलं नाही, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? इतकी सुंदर गोष्ट होती ती! आणि त्याच गोष्टीने आमचा घात केला. कोळ्यांच्या लेकरांनी भरतीला विसरावं, यापरतं दुसरं दुर्दैव नाही.

कॉन्रॅड सरपंचांनीच सांगितलं, “आज शालेचा नियम. फलीवरून उतरेपर्यंत कोनी मदे बोलायचं नाय.” मग एकेक माणूस चढला. ठरावाच्या बाजूचे लोक तयारीने आले होते. कुणी गटारांवर बोललं, कुणी दिव्यांवर, कुणी समाजमंदिराच्या फरशीवर. आमची बाजू ऐकत होती. शाळेत ऐकायला शिकलेली माणसं ना! टाळ्याही वाजवत होती.

आणि मग रॉबर्ट चढला. आमचाच रॉबर्ट. त्याचे पाय मी डोळे मिटूनही ओळखेन. तो ठरावाच्या बाजूने उभा होता.

“माझा बाप दर्यावर गेला तो परत नाय आला,” तो म्हणाला. “मला दर्यावर जायचं नाय. मला नोकरी पायजे. महिन्याच्या महिन्याला पगार पायजे. सुके बोंबील इकून माझी आय बारीक झाली. तुमाला वलांडीचा वास आवडतो, मला नाय आवडत. हे बोलायचं नाय काय?”

खोटं काही नव्हतं त्यात. मटिल्डाने मान खाली घातली होती, पण ती ऐकत होती. तो तिथेच उतरला असता, तर मी त्याला आजही दोष दिला नसता. पण तो उतरला नाही. त्याने बागेचा नकाशा उलगडला. इथे झोपाळे, इथे कारंजं, इथे म्हाताऱ्यांना बसायला छत. एक झालं की दुसरं. बायका चुळबुळ करू लागल्या. एक म्हातारी ओरडली, “आटप रं, पोरा!” तर मटिल्डाच उठून म्हणाली, “त्याला बोलू द्या. उतरंल तवा उतरंल.”

किनाऱ्यावरून हाका आल्या. बोटी लागल्या होत्या. टोपल्या उचलून बायका उठल्या. गेल्याशिवाय भागणारच नव्हतं. मासळी थांबत नाही, व्यापारी थांबत नाही. मार्था मुलीजवळ आली.

“मी जाते. म्हावरं नासंल. तू बोल. आमचा हात वर हाय असंच समज.”

पुरुषही गेले बोटी रिकाम्या करायला. मांडव अर्ध्याहून अधिक ओस पडला. शेवटची टोपली वळणावर दिसेनाशी झाली आणि रॉबर्टने नकाशाची गुंडाळी केली. त्याला भरतीची वेळ माहीत नव्हती असं मी कसं म्हणू? कोळ्याचा पोरगा तो.

“आता मटिल्डा,” सरपंच म्हणाले. “बोल पोरी. तू उतरलीस का मतं घेऊ.”

ती चढली. समोर बहुतेक तीच माणसं, ज्यांनी मनाशी आधीच ठरवलं होतं. मागे रिकाम्या खुर्च्या. नियम तर सरपंचांनीच सगळ्यांसमोर बोलून दाखवला होता. ती माझ्यावर उभी असेतो मतं घेता येणार नव्हती. बोटी रिकाम्या व्हायला कितीसा वेळ? दिवेलागणीला बायका परत आल्या असत्या. तिने फक्त उभं राहायचं होतं. लहानपणी कितीतरी शुक्रवार ती नुसती उभी राहिली होती, तशीच. एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

हे मला कळत होतं. बाईंनाही कळलं होतं. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या, अर्ध्या उठल्याही होत्या. तोंड उघडलं त्यांनी. पण फळीवर कुणी असताना मध्ये बोलायचं नाही. त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट दाबून धरलं आणि खाली बसल्या.

मटिल्डाच्या तळव्यांना घाम सुटला होता. पुढच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली, कुणी हसलं. ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली. मला हात असते तर मी तिचे पाय धरून ठेवले असते. उतरू नकोस गं बाई, उतरू नकोस. पण ती उतरली.

हात वर झाले. ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी बायका परत आल्या तेव्हा मांडवाचे खांब सोडत होते. मटिल्डा माझ्या बाजूला जमिनीवर बसली होती. मार्थाने टोपली खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि मग बाईंना म्हणाली, “आमी लिलावात एकमेकींना बोलू देत नाय, म्हनून आमचं पोट भरतं. तुमी आमच्या पोरींना थांबायला शिकवलंत. तुमच्या शालेनं आमचा घात केला, बाई.”

बाई मटिल्डाशेजारी जमिनीवर बसल्या.

पुढची गोष्ट लांबवत नाही. मार्थाचं बोलणं गावभर झालं. आयांनी मुलं काढून घेतली आणि खोपीत पुन्हा जाळी पडली. वलांडीचे बांबू एका सकाळी उपटले गेले. बाईंनी गाव सोडण्याआधी मटिल्डाची भेट घेतली, इथेच, या मोरीजवळ. मला तेव्हा नुकतंच इथे आणून टाकलं होतं. मार्था घरात होती, पण बाहेर आली नाही.

“त्या दिवशी मी ओरडायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “उतरू नकोस, एवढंच.”

“तुमीच शिकवलं ना बाई, मदे बोलायचं नाय.”

“हो. मीच शिकवलं.”

“मला वाटलं, आयकायला कोनी नाय तर बोलून काय करायचं.” मटिल्डा म्हणाली. “मी उभी राहायला पायजे होती. नुसती उभी राहायला पायजे होती, बाई.”

बाईंनी तिला जवळ घेतलं. दोघी माझ्यावर बसून रडल्या. त्यानंतर बाई पुन्हा या किनाऱ्याला आल्या नाहीत. फ्लॅट विकून कोकणात गेल्या म्हणतात.

बाग झाली. छान आहे म्हणे. मार्थाने काही दिवस रस्त्याच्या कडेला बोंबील वाळत घातले, तर वास येतो म्हणून वसाहतीच्या वॉचमनने हाकललं. मग तिने ते सोडून दिलं. आता दुसऱ्यांकडून मासळी घेऊन, साफ करून दारोदार विकते. विकत घेणाऱ्या त्याच वसाहतीतल्या बायका आहेत, आणि त्या वाईट नाहीत. रॉबर्टला बागेतच नोकरी लागली होती, पण बिल्डरचं काम संपलं तशी तीही संपली. आता तो रिक्षा चालवतो. मार्थाच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवत नाही.

मटिल्डा वालीवला एका कारखान्यात जाते. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं मोजून पिशवीत भरायची. तिथे मशिनचा आवाज इतका, की बोलायचा प्रश्नच येत नाही. घरी आली की तिला बोलायचा कंटाळा येतो. पुन्हा तशीच झाली आहे, शाळेत यायच्या आधी होती तशी. फक्त आता तिला कुणी हसलेलं नाही.

दोन हजार नऊ साली महानगरपालिका झाली. गावागावांतून आरडाओरडा झाला, मोर्चे निघाले, पण आमचं गाव तिच्यात गेलंच. ग्रामपंचायतीच्या दारावरची पाटी बदलली. ज्या सभेत मटिल्डाचं बोलणं राहिलं होतं, ती सभाच आता भरत नाही. नगरसेवक आहेत, त्यांचं ऑफिस आहे, तिथे अर्ज देता येतो. पण सगळं गाव एका मांडवात बसलंय आणि मार्थासारखी बाई सगळ्यांसमोर उभी राहून “पानी पायजे” म्हणतेय, असं आता होत नाही. होत नाही याचं फारसं कुणाला वाटतही नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा करून दोघी घरी आल्या. मार्था माझ्यावर बसली. समोर मासे होते, पण तिने विळी घेतली नाही. म्हातारी झाली आहे आता. तिने मुलीला हाक मारून शेजारी बसवलं.

“त्या दिशी तू काय बोलनार होतीस गं?” तिने विचारलं. “मी गेले भरतीला. आयकलंच नाय. आता बोल. मी आयकते.”

मटिल्डाने आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता. माझा एकेक तंतू ताणला गेला. तिचे ओठ हलले. ती काहीतरी आठवत होती, हाताला लागत नव्हतं, पुन्हा शोधत होती.

“आठवत नाय, आय,” ती शेवटी म्हणाली. “सगलं पाठ होतं. आता काय बी आठवत नाय.”

मला आठवतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं आठवतं. पणजीचा बांबू, उसने बोंबील, बाकावरची फुरसत, सगळं माझ्या अंगात आहे, आणि मी लाकूड आहे. तुम्हाला मी ते सांगू शकले असते. पण ते माझं नाही, तिचं आहे. तुम्हाला सांगून ते तिचं होणार नाही.

तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगा असतील, वॉर्डाच्या सभा असतील. शेवटी कुणीतरी बिचकत उभं राहील आणि तुम्हाला घरी जायची घाई असेल. तेव्हा खुर्ची सरकवू नका. आणि ते माणूस न बोलताच खाली बसायला लागलं, तर नियम बाजूला ठेवा आणि ओरडा, बसू नकोस म्हणून.

मार्था मात्र अजून आशेवर आहे. आज पुन्हा रविवार. मासे तसेच टोपलीत ठेवून ती माझ्या एका टोकाला बसली आहे, आणि दुसऱ्या टोकाला मटिल्डा. कुणी काही बोलत नाही. आई ऐकते आहे.